पांढऱ्याहून पांढरं

कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींमध्ये एक पदार्थ असा असतो की ज्याचा मळाशी काही संबंध नसतो. तो डाग काढत नाही, तेल सोडवत नाही, फेसही करत नाही. तो सुताला चिकटून बसतो. सूर्यप्रकाशातला जो अतिनील भाग आपल्याला दिसत नाही (साधारण ३५० ते ३७० नॅनोमीटरचा), तो गिळतो आणि त्याच्या बदल्यात निळसर, दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. जुनं सुती कापड पिवळट दिसतं, कारण ते निळा प्रकाश कमी परत पाठवतं. ती तूट हा पदार्थ भरून काढतो, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. मग शर्ट पांढऱ्याहून पांढरा दिसायला लागतो. याला ऑप्टिकल ब्राइटनर म्हणतात, आणि या करामतीला फ्लुरोसन्स. शाळेच्या पुस्तकातला शब्द प्रतिदीप्ती.

आजीच्या काळातली नीळ वेगळी होती. नीळ पिवळेपणा झाकायची, त्यात कापड किंचित गडदच व्हायचं, फक्त डोळ्याला ते शुभ्र वाटायचं. ब्राइटनर प्रकाशात खरोखर भर घालतो. स्टोक्सने १८५२ साली फ्लुरोसन्स हा शब्द दिला. १९२९ मध्ये पाउल क्राइस नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनट झाडातल्या एस्क्युलिन नावाच्या पदार्थात कापड बुडवलं, ते जास्त पांढरं दिसलं, आणि एक अख्खा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे तो 'टिनोपाल' या नावाने आला. मूळ नाव स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं, इथे विकायची सुहृद गायगी. घरातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, टिनोपाल आणि नंतरचं राणीपाल ही नावं लगेच आठवतील.

आता प्रश्न असा, की हे खोटं बोलणं आहे का?

मला पूर्वी वाटायचं की आहे, आणि विषय तिथेच संपायचा. कापड तितकंच स्वच्छ, फक्त जास्त स्वच्छ दिसतं, म्हणजे ढोंग. पण फोटोवर फिल्टर मारणाऱ्या आपल्या पिढीने या एका गोष्टीवर नैतिक राग धरावा हे जरा विनोदीच. शिवाय ही गोष्ट कपड्यापाशी थांबत नाही, आणि मला रस आहे तो तिच्या पुढच्या भागात.

सगळा ब्राइटनर कापडाला चिकटत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात, सेप्टिक टाकीत आणि शेवटी नदीत जातो. निसर्गात हा पदार्थ तयार होत नाही. त्यामुळे ओढ्याच्या पाण्यात तो सापडला तर माणसाचं सांडपाणी कुठून तरी मिसळतंय, असा अंदाज बांधता येतो. जगभर हे तंत्र वापरतात आणि ते इतकं साधं आहे की चकित व्हायला होतं. सुती पट्टी किंवा कापसाचा पॅड जाळीत घालून काही दिवस प्रवाहात बांधून ठेवायचा. नंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरायचा. निळा चमकला तर ब्राइटनर आला. अडचण एकच: दुकानातलं पांढरं कापड चालत नाही, कारण ते बहुधा आधीच चमकत असतं. साक्षीदार म्हणून मांजरपाट हवा, कोरा, न शुभ्र केलेला.

कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरणारे पदार्थही थोडे चमकतात, म्हणून नुसत्या चमकीवर विश्वास ठेवता येत नाही. त्यावर उपाय असा, की नमुना काही मिनिटं तीव्र अतिनील प्रकाशात ठेवून पुन्हा मोजायचा. ब्राइटनर प्रकाशाने लवकर मरतो, त्याची चमक झरकन उतरते. पानांची तितकी उतरत नाही. मला हा भाग फार आवडतो.

मी कर्जत-खालापूरकडचा. एका बाजूला उल्हास, दुसऱ्या बाजूला पाताळगंगा. खाली रसायनी, जिथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला. तिथे नायट्रोबेन्झीन, अ‍ॅनिलिनसारखी रसायनं बनायची, म्हणजे रंगांच्या धंद्याचा कच्चा माल. गावाचं नावच रसायनी, यावर आणखी काय बोलणार! वरच्या अंगाला फार्महाऊस, रिसॉर्ट, 'सेकंड होम'चे टॉवर. मधे कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या.

समजा इथल्या एखाद्या ओढ्यात अशी पट्टी बांधली आणि ती चमकली. पट्टीने काय सांगितलं? या पाण्यात धुण्याची पावडर आली. कुणाची, ते सांगितलं नाही. शनिवार-रविवारी भरणाऱ्या रिसॉर्टच्या पाझरणाऱ्या टाकीतून आलेला ब्राइटनर आणि खडकावर बसून दहा रुपयांच्या पुडीत घरभराचे कपडे धुणाऱ्या बाईच्या हातून आलेला ब्राइटनर, दोन्ही एकाच निळ्या रंगात चमकतात. रेणूंच्या बाबतीत उपकरण संपूर्ण निःपक्षपाती असतं. पण तोच निकाल माणसांच्या जगात आणला की तो निःपक्षपाती राहत नाही. टाकी जमिनीखाली आहे, बाई उघड्यावर बसली आहे. 'नदीत कपडे धुऊ नये' अशी पाटी कुणासाठी लागेल, हे सांगायला दिवा लागत नाही. आणि तिच्या घरी नळ का नाही, हा प्रश्न कुठल्याच तरंगलांबीवर दिसत नाही.

पाताळगंगेची तर आणखी एक गंमत आहे. तिच्यातलं बरंचसं पाणी तिचं नाहीच. घाटावरच्या वळवण-शिरोटा-लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून खाली येतं, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहते. जनित्रं चालू असताना पाणी जास्त, घाण तितकीच, म्हणून मोजणी कमी भरणार. नमुना कधी घेतला यावर नदी किती स्वच्छ ते ठरणार.

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. पाण्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण शोधायला आजकाल नाइल रेड नावाचा रंग वापरतात. पाणी गाळायचं, कणांना रंग द्यायचा, निळा प्रकाश टाकून केशरी काचेतून बघायचं. हा रंग पाण्याशी फटकून असणाऱ्या पृष्ठभागांना धरतो, आणि पृष्ठभाग कसा आहे त्यावर त्याच्या चमकेची छटा बदलते. म्हणजे कणाच्या कातडीवरून कण ओळखायचा. पण चरबीलाही तो धरतो, म्हणून आधी जैविक पदार्थ रसायनाने जाळून टाकावे लागतात. पूर्ण जळतात असं नाही.

मग फोटो संगणकात येतो. प्रत्येक बिंदूला ० ते २५५ मधला आकडा. कुठल्या आकड्याच्या वर 'कण' म्हणायचं? ही प्रोग्रामची एक ओळ असते. ६० लिहिलं तर एका पाण्यात शंभर कण, ९० लिहिलं तर त्याच पाण्यात चाळीस (आकडे मी उदाहरणाला घेतलेत, पण प्रकार असाच असतो). आमच्या धंद्यात यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'ऑटोमॅटिक करा'. १९७९ साली ओत्सू यांनी मांडलेली एक सुंदर पद्धत आहे. ती चित्रातल्या उजळ आणि गडद बिंदूंचे दोन गट पाडून सीमारेषा आपोआप शोधते. पण कुणालाही विचारायला नको म्हणून ती वापरली, तर निर्णय टळत नाही, निर्णय घेणारा तेवढा अदृश्य होतो. सीमा खाली आणली की निर्दोष पाण्यावर ठपका येतो. वर नेली की दूषित पाणी सुटतं. या दोन चुकांचं वजन सारखं आहे का, हे ओत्सूच्या गणितात नाही. ते त्याचं कामही नाही.

अहवालात 'आढळले नाही' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'आमच्या रेषेच्या वर आढळले नाही'. वाचणारा 'नाही' एवढंच वाचतो.

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवते? १९ जुलै २०२३ ची रात्र. दरड कोसळली आणि ठाकरांची वाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आलं, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मला त्या वाक्यात लबाडी दिसत नाही, आणि म्हणूनच ते जास्त भीतीदायक वाटतं. यादी कुणीतरी काही निकष लावून केली असणार, कुठेतरी रेष ओढली असणार, आणि वाडी रेषेच्या खाली राहिली. आढळले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मोजूच नका. हे मला अजिबात पटत नाही. मोजलं नाही तर जमिनीखालची टाकी कायमची सुटते आणि उघड्यावरची बाई तेवढी दिसत राहते. मोजायलाच हवं. पण रेषा कुठे ओढायची हे ठरवताना, ती चुकली तर किंमत कोण मोजणार, तो माणूस खोलीत असला पाहिजे. वाडीवरच्या बाईला नॅनोमीटर कळत नाहीत, हा आक्षेप मी मीटिंगमध्ये वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. तिला नॅनोमीटर कळायची गरज नाही. 'हे पाणी चालेल असं आम्ही चुकून म्हटलं तर काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर तिला आमच्यापेक्षा बरं देता येईल, कारण हंडा तिच्या डोक्यावर आहे.

आमच्या ओढ्यात पट्ट्या बांधायच्याच झाल्या तर एक पुरणार नाही. रिसॉर्टच्या कुंपणाच्या वर एक, खाली एक, आणि कपडे धुण्याच्या खडकाच्या वर तिसरी. दुसरी चमकली आणि पहिली कोरी राहिली, तर मधे फक्त कुंपण उरतं. मांजरपाट कर्जतच्या बाजारात मिळतो. अतिनील टॉर्च काहीशे रुपयांना ऑनलाइन. कुंपणाच्या वर जायचं तर मात्र फाटकावरच्या वॉचमनची परवानगी लागेल.