उलटा ॲक्सल

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत बापू राहत होते. त्यांच्याकडे महिंद्राची एक जुनी जीप होती. मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्याच घराण्यातली. सख्खी की चुलत, हे आर.सी. बुक पाहूनही कळत नसे. खाचरांकडं जाणाऱ्या वाटेत वीतभर वर आलेला एक काळा दगड होता. जीप त्यावरून जाताना खालून खर्रकन आवाज यायचा आणि बापूंना तो स्वतःच्या बरगड्यांतून आल्यासारखा वाटायचा.

"जीप उंच करायला पाहिजे," बापू म्हणाले.

"अरे, दगड वाटेत आहे, जीपमध्ये नाही," म्हातारी आई ओट्यावरून म्हणाली. पण ज्याच्या घरात वेल्डिंग मशीन असतं, त्याला पहार दिसत नाही.

मशीन भाच्याचं होतं. त्यानं खाली वाकून पाहणी केली. या जीपचे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वरून नेले की अख्खी बॉडी चार-पाच इंच वर उठते. एवढं त्याला बरोबर ठाऊक होतं. अर्धं ज्ञान नेहमी बरोबरच असतं, तीच तर पंचाईत. पाटे वर घ्यायचे तर ज्यावर ते टेकतात त्या बैठकाही ॲक्सलच्या वर हव्यात. जुन्या कापा, नव्या बसवा, कोन जुळवा. भाचा म्हणाला, "मामा, एवढं कशाला? ॲक्सलच पालथा करू. बैठका आपोआप वर येतील!"

बापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या ॲक्सलला स्टिअरिंगची भानगड, तो पालथा होईना. तिथं निमूटपणे वेल्डिंग केलं. मागचा मात्र उलटला. प्रोपेलर शाफ्ट तिरका आला, तो दोघांनी पहारेनं दामटून बसवला. म्हणजे पहार घरात होती. वाहनाचा मूळ तपशील असा बदलायचा नाही, असं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं. पण ते कलम त्या वाडीपर्यंत चढून आलं नव्हतं.

नारळ फुटला. बापूंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि जीप मागच्या मागे गोठ्यात घुसली.

दुसरा टाकला, तर कडब्याच्या गंजीत. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठं ती पुढं निघाली, आणि तीही बैल कंटाळेल अशा चालीनं. कारण साधं होतं. डिफरन्शलमधलं क्राऊन चाक पिनियनच्या एका बाजूला असतं. ॲक्सल पालथा केला की ते दुसऱ्या बाजूला जातं. पिनियन फिरतं पूर्वीसारखंच, चाकं मात्र उलटी.

"मामा, मागं जायला चार गिअर!" भाचा आनंदानं ओरडला. "अशी जीप अख्ख्या जिल्ह्यात नाही!"

इथून पुढचं मी ऐकलं तसं सांगतो. बापू राजूरच्या बाजाराला पाठमोरे जाऊ लागले. हेडलाइटचा उजेड पडायचा तो आधीच पार केलेल्या रस्त्यावर, त्यामुळं कोणत्या खड्ड्यातून आलो हे त्यांना फार स्पष्ट दिसायचं. एका लग्नात नवरदेवाला त्या जीपमधून नेलं, तर वऱ्हाड आलं की चाललं हे न कळून मुलीकडच्यांनी आधी निरोपाचा नारळ दिला.

खरी गंमत चैत्रात झाली. खाचरात जीप रुतली आणि बापूंनी फोर बाय फोर टाकलं. पुढची चाकं पुढं ओढू लागली, मागची मागं. जीप जागची हलेना. चारी चाकं माती उपसत राहिली. बापू हटले नाहीत, डिझेलही हटलं नाही. तिन्हीसांजेला जीप बोनेटपर्यंत खाली गेली होती आणि चाकांना पाणी लागलं होतं. त्या भागात पावसाळ्यात कुठंही टाच मारली तरी पाणी लागतं, पण ऐन चैत्रात लागलं ते तिथंच. बैलांनी ओढून वर काढल्यावर मोजली, तर जीप पूर्वीपेक्षा वीतभर लांब भरली.

शेवटी दोन बैल पुढं आणि भाचा मागं, अशी ती राजूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं पोचली. मिस्त्री खाली शिरला. ॲक्सलमधली हवा सोडणारा ब्रीदर खालच्या अंगाला आल्यामुळं त्यातून तेल ठिबकत होतं, ते त्याच्या कपाळावर पडलं.

"बापू, दगडाला घासत काय होतं?"

"हा गोळा. डिफरन्शलचा."

"हा चाकांच्या मध्ये, ॲक्सलवर. बॉडी उचलून माडीवर नेलीत तरी हा चाकांबरोबर तिथंच राहणार. वर न्यायचा तर टायर मोठे घालावे लागतात. तुम्ही सीट उंच केलीत फक्त."

बापूंनी भाच्याकडं पाहिलं. भाचा बैलांकडं पाहू लागला.

"सगळं सरळ करून देतो," मिस्त्री म्हणाला, "पण आठवडा जाईल. तोवर हे घेऊन जा." आणि त्यानं कोपऱ्यातली पहार बापूंच्या हातात दिली.

बापूंनी ती दोन्ही हातांनी तोलली, टोकापासून मुठीपर्यंत निरखली आणि हळूच विचारलं, "मिस्त्री, ही पालथी धरली तर जरा जास्त पोचेल का?"