शिट्टी काढलेला कुकर

आमच्या घरात ओव्हन नव्हता, तरी केक व्हायचा. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी जाडं मीठ पसरायचं. पाणी मुळीच नाही. डब्यात एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध आणि चार चमचे तूप. हे अर्धा तास भिजू द्यायचं, कारण रवा दूध पितो. घाई केली की केक कचकचतो. खायचा सोडा पाव चमचा, तोही अगदी शेवटी. दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडली की तो फसफसतो, आणि त्याच हवेनं केक फुगतो. मग डबा कुकरमध्ये, मंद आचेवर साधारण 40 मिनिटं. खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झालं.

क्रीमचे गुलाब नसायचे. मला ते तसेही कधी आवडले नाहीत. भांडण असायचं ते खालच्या खरपूस कडेवरून. आई शांतपणे दोरा घ्यायची आणि केक कापायची. सगळे तुकडे सारखे.

ते मीठ मात्र आमटीत घालू नका. थंड झालं की बरणीत भरून ठेवा, पुढच्या केकला तेच चालतं.