नव्या दाताचा प्रश्न आणि शरीअत

हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, परंतु त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषाला सोने निषिद्ध असतानाही ही सवलत मिळाली. सुनन अबू दाऊद व तिरमिजीतील याच हदीसच्या आधारे अनेक फुकहांनी हलणारा दात सोन्याच्या तारेने बांधण्यास अनुमती दिली. याउलट, केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांची हदीसमध्ये कठोर निंदा आहे. गमावलेले परत मिळविणे आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करणे, या दोहोंतील भेद येथे स्पष्ट होतो.

आता प्रश्न पुढे गेला आहे. दाताच्या गाभ्यात मूलपेशी असतात, हे 2000 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. 2003 मध्ये त्या दुधाच्या दातांतही सापडल्या. अशा पेशी जेलीसारख्या द्रवात मिसळून यंत्राने थरावर थर रचावेत व त्यातून गाभा, दंतिन, आधाराचे हाड पुन्हा घडवावे, असा प्रयत्न चालू आहे. वरचे कठीण आवरण मात्र अवघड. ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात.

रुग्णाच्या स्वतःच्या पेशींबाबत फारसा वाद नाही. मक्केच्या फिकह परिषदेने 2003 मध्ये प्रौढाच्या मूलपेशी, त्याला इजा होत नसेल तर, उपचारासाठी वैध ठरविल्या. खरी अडचण त्या द्रवाची आहे. त्यातील जिलेटिन पुष्कळदा डुकराच्या कातडीपासून काढलेले असते. पदार्थाचे मूळ स्वरूप पूर्ण पालटले (इस्तिहाला) तर हुकूमही पालटतो, असे हनफी फुकहा मानतात; कोकणातील आपले शाफई बांधव ज्या मताचे अनुसरण करतात, त्यात ही सवलत फार थोडी. शिवाय जिलेटिनमध्ये असा पालट खरोखर होतो का, यावरच उलेमांत मतभेद आहेत. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट किंवा माशांचे जिलेटिन उपलब्ध असताना निरुपायाचा (जरूरत) आधार घेणे मला तरी पटत नाही. टफ्ट्स विद्यापीठात तर मानवी व डुकराच्या पेशी एकत्र करून डुकराच्याच जबड्यात दातासारखी रचना वाढविली गेली. तिचा विचार वेगळाच करावा लागेल.

हे सारे शहादा तालुक्यातील म्हसावदच्या कुटुंबाला दूरचे वाटेल. पण हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी काही पटले व हाडाची भुकटी आजच डुकराच्या किंवा गाईबैलांच्या शरीरातून येते, आणि रुग्णाला ते क्वचितच सांगितले जाते. विचारणे हा आपला हक्क आहे, सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. मुलांचे दुधाचे दात पैसे भरून साठविण्याच्या जाहिरातींनाही भुलू नये: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेतील रक्ताखेरीज अशा व्यापारी साठवणुकीस परवानगी नाही. शरीर ही अमानत आहे असे म्हणत आपण तंबाखू व मिश्रीने दात झिजवतो, आणि मग नव्या दाताच्या हलाल-हरामची चर्चा करतो, हेही आहेच. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मात्र एवढे विचारावे, 'डॉक्टरसाहेब, हे कशापासून बनले आहे?'