विषाची विद्या

माझी पुतणी इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकते. परवा आमच्या सराफ्यातल्या घरी आली ती जाड पुस्तक घेऊनच. विषय काय, तर रोगजंतूंचा शस्त्रासारखा वापर झाला तर डॉक्टरने काय करायचं. मी चरकलेच. म्हटलं, "कशाला शिकवतात गं असलं?"

आपल्या अनर्थदंडव्रतात हिंसादान वर्ज्य आहे. विष, शस्त्र, अग्नी दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मग विषाची विद्या दिलेली चालते? २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, पाच माणसं गेली. तपास यंत्रणेने ठपका ठेवला तो अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञावरच!

पुतणी एवढंच म्हणाली, "काकू, आणि भोपाळ?"

तिथे ना जंतू होते, ना कुणी शत्रू. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट गळला. हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे आले, गांधी मेडिकल कॉलेजची मुलंसुद्धा कामाला लागली. पण वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. नाकातोंडावर ओलं फडकं धरलं तर त्रास कमी होतो, हे गावाला कुणी सांगितलं नव्हतं. लोक धावत सुटले, आणि धावताना विष जास्तच आत गेलं. ओल्या फडक्याएवढं ज्ञान हो!

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. आपण स्वाध्यायात ते म्हणतो, आणि पाणी गाळलं, चूल झाडून पेटवली की प्रमाद टळला असं धरून चालतो. शेजारी विषाची टाकी आणि डॉक्टरला तिचं नाव माहीत नाही, हा प्रमाद कुणाच्या खात्यावर मांडायचा?

जंतू वाढवायचा कसा, हे त्यांना शिकवत नाहीत; ओळखायचा कसा, आधी कुणाला वेगळं ठेवायचं, हे शिकवतात, असं ती म्हणते. दोन्हींमधली रेघ मला पातळच वाटते. पण न शिकवण्याची बाजू मी आता घेणार नाही.

सूर्यास्ताआधी आमची जेवणं उरकली. खाली सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागत होत्या, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी विचारलं, "इथे असं काही झालं तर गं?"

"ओला रुमाल नाकावर, आणि वाऱ्याला आडवं निघायचं. वारा कुठला ते आधी बघायचं."

मी गॅलरीत जाऊन मंदिराची ध्वजा बघून आले.