मापाशी इमान, नजरेशी इमान

मूळ वस्तूच्या प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागले, तर हाती येते ती तिची खरी प्रतिकृती असते का? प्रमाणबद्ध मॉडेल बनवणाऱ्याला पडणारा हा प्रश्न बराच जुना आहे. प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात अनुकृतीचे दोन प्रकार केले आहेत. एक मुळाची मापे तंतोतंत पाळते. दुसरी पाहणाऱ्याला बरोबर वाटावे म्हणून मापे बदलते. भव्य शिल्पाचा वरचा भाग खालून लहान दिसतो, म्हणून शिल्पकार तो वाढवतो, आणि प्लेटोच्या लेखी तो सत्याला सोडून आभासाच्या मागे लागतो. कामसूत्राचा टीकाकार यशोधर याने चित्रकलेची सहा अंगे सांगितली, त्यांत प्रमाण आणि सादृश्य ही दोन वेगवेगळी मोजली आहेत. माप जुळले की साम्य आपोआप साधते, असे तिथे गृहीत नाही. मॉडेलच्या छंदाला यशोधराची मांडणी अधिक लागू पडते. मात्र या दोन अंगांची फारकत कुठे होते, ते ठिकाण शाखेगणिक बदलते.

जहाजांत ती जाडीपाशी होते. ‘टायटॅनिक’ची लांबी सुमारे २६९ मीटर; १:७०० प्रमाणात ती ३८ सेंटिमीटर होते आणि जहाज टेबलावर मावते. पण डेकवरची तीन सेंटिमीटर जाडीची नळी त्या हिशेबाने ०.०४ मिलिमीटरची हवी. साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा कठडा अर्ध्या मिलिमीटरचा असला, तरी मूळ जहाजावर तो ३५ सेंटिमीटर जाडीचा ओंडका ठरेल. म्हणून पातळ पितळी पत्र्यातून आम्लाने कोरून काढलेले कठडे वापरतात. काही दोर तर लावतच नाहीत, आणि चुकीच्या जाडीचा दोर लावण्यापेक्षा तो गाळणे अधिक प्रामाणिक आहे.

विमानांत नेमके उलटे घडते. १:७२ च्या विमानावर पत्र्यांच्या सांध्याची ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे मूळ विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट. तरी ती रेघ पुसून टाकली तर विमान खेळण्यातले वाटू लागते. रंगाचेही तसेच. मूळ विमानाचाच रंग लहान मॉडेलवर गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा असे अनेक जण सांगतात. इतरांना ती पळवाट वाटते.

रणगाड्यांची अडचण वजनाची आहे. १:३५ प्रमाणात लांबी ३५ पटींनी घटली की घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. आकार आणि बळ यांचे नाते सरळ नसते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले होते. ५७ टनांच्या जर्मन ‘टायगर’ची पोलादी साखळी स्वतःच्या भाराने चाकांवर झोळ घेते. प्लॅस्टिकच्या साखळीला असा भार नसतो, म्हणून तो झोळ गोंदाने चिकटवून आणावा लागतो.

रेल्वेच्या मॉडेलला दिसून भागत नाही, धावावे लागते, आणि म्हणून विचाराला सर्वांत जास्त खाद्य याच शाखेत आहे. एचओ प्रमाण १:८७ चे. रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे मूळचे १,४३५. इथवर हिशेब चोख आहे. ब्रिटनमधील ओओ पद्धतीत डबे १:७६.२ चे, पण रूळ तेच, त्यामुळे गाडी मुळापेक्षा सुमारे १८ सेंटिमीटर अरुंद मार्गावर धावते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ ला १९.३ मिलिमीटर हवेत, बाजारातला एचओ रूळ मात्र १६.५ चाच. अचूकतेचे कडवे आग्रही रूळ हाताने घडवतात, पण वळण त्यांनाही सुटत नाही: ३०० मीटर त्रिज्येचे वळण १:८७ मध्येही साडेतीन मीटर जागा मागते. अंतराची तर बातच नको. १८५३ मध्ये भारतातली पहिली प्रवासी गाडी धावली तो बोरीबंदर-ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग या प्रमाणात ३९० मीटर भरेल. घरात स्थानके एकमेकांना खेटतात, प्रवास काही सेकंदांत संपतो आणि वेळापत्रक निरर्थक होते. यावर अनेक जण जलद चालणारे घड्याळ लावतात. डबे एका प्रमाणात, अंतर दुसऱ्या, काळ तिसऱ्या. तरीही पाहणाऱ्याला तिथे रेल्वेच दिसते.

माणसांच्या छोट्या मूर्तींत प्लेटोचा दुसरा प्रकार उघडपणे स्वीकारलेला असतो. पाच सेंटिमीटरच्या मूर्तीवर खोलीतला उजेड पुरेशा सावल्या पाडत नाही, म्हणून कपड्यांच्या चुण्यांतल्या सावल्या ब्रशने रंगवतात. महाराष्ट्रातील दिवाळीचा किल्ला याहून पुढे जातो: मावळा दरवाजापेक्षा उंच, महाराज बुरुजाएवढे. तिथे आकार महत्त्वावरून ठरतो आणि कोणाला खटकत नाही.

काल्पनिक यानांच्या शाखेत तर मूळच सापडत नाही. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटातील ‘मिलेनियम फाल्कन’चे चित्रीकरणाचे मॉडेल बनवताना रणगाडे, विमाने यांच्या बाजारी किटमधले सुटे भाग पृष्ठभागावर चिकटवले होते. आज त्या यानाचे मॉडेल बनवणारा कोणत्या किटमधला कोणता भाग कुठे बसवला होता, याचा शोध घेतो. ज्याचे माप घ्यावे असे खरे यान नसल्यामुळे त्याची अचूकता दुसऱ्या मॉडेलशीच ताडून पाहिली जाते.