खाण तशी माती?

बाप तुरुंगांत गेला म्हणजे वयांत आलेली मुलगी बदलते. कोणी अबोल होते, कोणी उद्धट. कोणी शाळा सोडून धाकट्या भावंडांची आई बनते. शेजारी म्हणतात, खाण तशी माती. हें खरें काय?

१९३० सालीं जवाहरलाल नेहरू नैनीच्या तुरुंगांत होते. त्यांची कन्या इंदिरा तेरा वर्षांची झाली, तेव्हां त्यांनीं तेथून तिला पत्रें लिहिण्यास आरंभ केला. मधून मधून खंड पडत तीं १९३३ पर्यंत चाललीं. वियोग तिलाही होताच; परंतु त्या तुरुंगवासाचा लोकांत मान होता. चोराच्या मुलीसही तीच भिंत, तोच वियोग. मात्र तिच्या वांट्यास टोमणे येतात. तेव्हां आम्हांस वाटतें, तिच्या कडवटपणाचा कांहीं भाग बापाच्या अपराधाचा नसून आमच्या जिभेचा आहे.

२००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कैदी मातेजवळ मूल सहा वर्षांचें होईपर्यंतच राहूं शकेल. म्हणजे मोठी मुलगी भिंतीबाहेर, आपल्याच आळींत असते. न्यायाधीशानें तिला शिक्षा दिलेली नाहीं. ती आपण कां द्यावी? तिला एक पोस्टकार्ड आणून द्यावें, भेटीच्या दिवशीं सोबत जावें, आणि 'कैद्याची पोर' न म्हणतां तिच्याच नांवानें हांक मारावी.