वचनाचा रवंथ

पहाटे साडेपाचला आमच्या वस्तीवर तीन आवाज असतात. डेअरीवर निघालेल्या मोटरसायकलीला अडकवलेल्या कॅनचा खडखडाट, नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, आणि गोठ्यात बसलेल्या गाईच्या जबड्याचा आवाज. तिसरा ऐकायला जरा थांबावं लागतं. ओल्या वाळूत कुणी सावकाश पाय ओढत चालल्यासारखा तो असतो. गाय पोटातला घास वर आणते, चाळीस-पन्नास वेळा चघळते, गिळते, क्षणभर थांबते आणि दुसरा आणते. दिवसातले सात-आठ तास तिचे यातच जातात. गाय आजारी वाटली म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, तर दारातूनच ते विचारतात, "रवंथ करते का?" करते म्हटलं की त्यांची पावलं जरा हळू होतात.

माझ्या आजीने 'ध्यान' हा शब्द कधी वापरल्याचं मला आठवत नाही. आमची वस्ती नेवासे तालुक्यातली, वडाळा बहिरोबाच्या अंगाची. अमेरिकन मराठी मिशनच्या फेअरबँक साहेबांचं वडाळं ते हेच. आजी अक्षर लावून लावून वाचायची, म्हणून रविवारी उपासनेहून आलो की मला पुढ्यात बसवायची. "काय वाचलं पाळकसाहेबांनी?" मी उत्साहाने अख्खा अध्याय सांगायला लागलो की हात आडवा करायची. "एवढं नको. एक घास सांग." मग मी एक वचन सांगायचो. ते तिला आठवडाभर पुरायचं. गोठ्यातल्या मधल्या मेढीला पाठ टेकून ती बसायची, ओठ हलत असायचे आणि समोर गाईचंही तेच चाललेलं असायचं. त्या दोघींकडे पाहून मला लहानपणी हसू यायचं.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. पहिल्या स्तोत्रातला धन्य मनुष्य रात्रंदिवस देवाच्या नियमशास्त्राचं मनन करतो. मनन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपाळाला आठ्या घालून बसलेला विचारवंत येतो. पण मूळ हिब्रू शब्द आहे 'हागा', म्हणजे पुटपुटणं, घशातल्या घशात घोळवणं. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द पारव्याच्या घुमण्याला आलाय आणि शिकारीवर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्यालाही. थोडक्यात, मनन हे आधी तोंडाचं काम. लेवीय अकराव्या अध्यायात शुद्ध जनावराची खूण सांगितली आहे: खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारं. बर्नबाच्या नावाने ओळखलं जाणारं एक फार जुनं ख्रिस्ती पत्र आहे. त्यात या नियमाचा अर्थ लावताना म्हटलंय की रवंथ करणारे म्हणजे प्रभूचं वचन चघळत राहणारे. पुढे मठांतल्या संन्याशांनी तर वाचनाच्या या रीतीला रवंथच म्हटलं. लॅटिनमध्ये 'रुमिनातिओ'. आजीला हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तिला त्यात नवल वाटलं नसतं, हेही खरं.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मी मोठा बेत आखला होता. रोज पहाटे एक तास. चार अध्याय. शेजारी दोनशे पानी वही, लाल आणि निळं पेन. बारा दिवस निभावलं. तेराव्या दिवशी पाहुणे आले, चौदाव्या दिवशी कंटाळा आला आणि वही पुढे खतांचा हिशेब लिहायला कामी आली. आता मागे पाहिलं की वाटतं, मी पहाटे उठून चरत होतो. जेवढं दिसेल तेवढं पोटात टाकायचं, चघळायचं काही नाही. उपाशी माणसासारखी अधाशी माणसाचीही भक्ती फार दिवस चालत नाही, असा माझा अनुभव आहे. इतरांचा निराळा असेल.

मग आजीचा घास आठवला. एक वचन, दहा मिनिटं, तीच जागा. वर्षं झाली, अजून चालू आहे. मध्ये खंड पडतात, पण पुन्हा बसायला आता मुहूर्त लागत नाही.

मागे तरुण संघाच्या सभेत हे बोललो, तर एक मुलगा उठून म्हणाला, "सर, असं डोळे मिटून बसणं आपल्यात चालतं का? ते त्यांचं ना?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो त्याचा एकट्याचा नव्हता. आमच्यातल्या पुष्कळांच्या मनात ध्यान म्हटलं की पद्मासन येतं आणि पाठोपाठ धास्ती येते. मी त्याला जॉन कॅशियनची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकाच्या अखेरीस हा माणूस इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांकडे शिकायला गेला. तिथे अब्बा आयझॅक नावाच्या म्हाताऱ्याने त्याला प्रार्थनेचं गुपित म्हणून एकच वचन दिलं. सत्तराव्या स्तोत्रातलं पहिलं, देवाला मदतीसाठी त्वरा करायला विनवणारं. जेवताना म्हण, झोप येत नसेल तर म्हण, राग आला तर म्हण, मन कोरडं पडलं तरी हेच म्हण. आयझॅकने प्रसंगांची मोठी यादी दिली आहे आणि औषध प्रत्येक वेळी तेच. गावाकडचे वैद्य सगळ्या दुखण्यांवर एकच काढा द्यायचे, तसं.

या गोष्टीला विसाव्या शतकात एक गमतीदार वळण मिळालं. जॉन मेन नावाचा इंग्रज तरुण सरकारी नोकरीत मलायात होता. तिथे स्वामी सत्यानंदांनी त्याला एक शब्द धरून शांत बसायला शिकवलं, आणि तू ख्रिस्ती आहेस तर शब्द तुझ्याच धर्मातला घे, असं बजावलं. पुढे तो बेनेडिक्टाइन मठात गेला. तिथल्या गुरूंनी ही रीत आपली नव्हे म्हणून सोडायला लावली. त्याने निमूट सोडली. अनेक वर्षांनी कॅशियन वाचताना त्याला दिसलं की जे आपण बाहेरचं म्हणून टाकलं ते आपल्याच घरच्या फडताळात दीड हजार वर्षं पडून होतं. त्याने निवडलेला शब्द होता 'मारानाथा'. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीस तो येतो. अरामी भाषेत त्याचा अर्थ, प्रभू, ये. मराठी कानाला त्यात 'नाथा' अशी हाक ऐकू येते. शब्दांचं काही नातं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणताना बरं वाटतं.

आणि आपल्याकडे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो होतेच. त्यांचं 'साधना' हे पुस्तक १९७८ सालचं. त्यात ते आधी शरीर जागेवर आणतात, श्वासाकडे लक्ष द्यायला लावतात, मग शुभवर्तमानातला प्रसंग समोर ठेवतात. त्यांच्या काही लेखनाबद्दल १९९८ मध्ये व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना काढली, ती माहीत असावी. पण शांत बसून शास्त्र वाचायला त्या सूचनेने कुणाला मनाई केलेली नाही.

त्या मुलाला खरं तर इजिप्तपर्यंत न्यायचीही गरज नव्हती. कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, पुढे नगर जिल्हा त्यांचं घर झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली इथेच राहुरीत झाला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं टिळक मानायचे. 'अभंगांजली'त त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा साचा दिला. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी नगरच्या मंडळीत ख्रिस्ती पद आणि कीर्तन रुजवलं होतं. त्यात फक्त 'देशी वेष' पाहणं मला अपुरं वाटतं. भजनात धृपद किती वेळा येतं पाहा. कडवं पुढे जातं, धृपद मागे आणतं, टाळकरी तीच ओळ घोळवतात, खाली आणतात, वर नेतात, आणि सातव्या-आठव्या वेळी ती एकदम आपल्याला उद्देशून आहे असं वाटतं. हा रवंथच आहे. 'उपासना संगीत' हाती धरून तीन कडव्यांत गाणं उरकायची घाई आपण नंतर शिकलो.

मौनाचं म्हणाल तर या जिल्ह्याला त्याचं वावडं नाही. नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला तोंड मिटलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत उघडलं नाही. माझी अडचण वेगळी आहे. जीभ गप्प बसते, डोकं बसत नाही. डोळे मिटले की दुसऱ्या मिनिटाला मी नेप्तीच्या कांदा बाजारात असतो. तिथून सोसायटीच्या हप्त्यावर, तिथून धाकट्या जावयाच्या बोलण्यावर. पूर्वी स्वतःवर चिडायचो. आता गुराख्याने शेजारच्या वावरात शिरलेलं वासरू वळवावं तसं मनाला आणतो. गुराखी वासराला धर्मोपदेश करत नाही. हाक मारतो, वळवतो, पुन्हा बांधावर येऊन बसतो. दहा मिनिटांत वीसदा वळवावं लागलं तर वीसदा त्या वचनाकडे परत येणं झालं, असा हिशेब मी ठेवतो. गणिताचा मास्तर होतो, तेवढी सूट मला असावी.

जागेचं महत्त्व मला नेवाशाने शिकवलं. शाळेची सहल घेऊन पैस खांबाच्या मंदिरात कितीतरी वेळा गेलो. ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. मुलं खांबाभोवती गलका करायची आणि माझ्या मनात भलतंच यायचं: एवढा मोठा योगी, त्यालाही पाठ टेकायला काहीतरी लागलं! मग माझ्यासारख्याने अधांतरी बसायचा हट्ट का धरावा? आजीची मेढ आता राहिली नाही, गोठा पत्र्याचा झाला. मी पडवीतल्या खांबाला टेकतो. खाली घोंगडी. मोबाइल आत, उशीखाली. अंधार असतो, म्हणून वचन आदल्या रात्रीच निवडून ठेवलेलं असतं. पहाटे बायबलची पानं चाळत बसलं की पुन्हा चरणं सुरू होतं. आधी चार-सहा श्वास नुसते. मग वचन हलक्या आवाजात, स्वतःला ऐकू जाईल एवढं. काही दिवशी एखादाच शब्द दाताखाली येतो आणि तिथेच थांबावंसं वाटतं. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. आमच्या भागात सगळेच पावसाळे ओले नसतात. म्हणून कुणी नांगरट सोडत नाही.

दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. आम्ही प्रोटेस्टंट घरातले, पण वस्तीवरच्या कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर मी एकदा गेलो होतो. लाखांची गर्दी, मेणबत्त्या, नवस, पाळणे, रेवड्या. त्या गर्दीत उभं राहून मला लूकचा दुसरा अध्याय आठवला. मेंढपाळ आले, गलका करून गेले. मरियेने मात्र त्या सगळ्या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं. तिथला ग्रीक शब्द 'एकत्र आणून टाकणं' अशा अर्थाचा आहे, म्हणजे तुकड्याशेजारी तुकडा ठेवून जुळतात का ते पाहणं. त्याच अध्यायाच्या शेवटी, मुलगा बारा वर्षांचा झाल्यावरही, तिने सगळं मनात जपल्याचं लूक पुन्हा सांगतो. नवस बोलून परतणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांकडे मी पाहत होतो. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून त्यांतल्या काही जणी हेच करत होत्या. त्याला काय म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो मार्कचा पहिला अध्याय. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात दारापुढे सारं गाव लोटलेलं. येशू दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठतो, रानात एकटा जातो, प्रार्थना करतो. पस्तिसाव्या वचनाशी आपण बहुधा थांबतो, कारण उपदेशाला ते सोयीचं असतं. पुढची दोन वचनंही वाचावीत. शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुझा शोध करताहेत. म्हणजे प्रभूचीही पहाट कुणीतरी मोडली. तो रागावल्याची नोंद नाही. उठला आणि त्यांच्याबरोबर पुढच्या गावांना निघाला.

आज सकाळी नेमकं तेच वचन घेतलं होतं. सहावं-सातवं मिनिट असेल. अंधार, गाईचा जबडा, माझे ओठ. तेवढ्यात बांधावरून पुतण्याची हाक आली, "तात्या, लाईट आली! मोटर चालू करू का?" कांद्याला पाणी दोन दिवस थटलं होतं आणि लाईट किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता. घोंगडी तशीच टाकली, खोरं घेतलं. पहिल्या वाफ्यात पाणी शिरेपर्यंत काहीच सुचलं नाही. दुसरं बारं फोडताना लक्षात आलं, ओठ हलताहेत.